सूचीतल्या ‘अमेरिका’ या एका ओळीबद्दल: वधू-वर मेळावे भरवणाऱ्या मंडळींना खुले पत्र

प्रति,
खान्देशातील वधू-वर परिचय मेळावे भरवणारी समाजमंडळे, त्यांचे कार्यकर्ते आणि परिचय सूची छापणारी सर्व मंडळी

सप्रेम नमस्कार.

मी यावल तालुक्यातल्या केळीवाल्या घरची मुलगी. महिनाभरासाठी माहेरी आले आहे. परवाच्या रविवारी मावसबहिणीला घेऊन जळगावच्या मेळाव्याला गेले होते. एकेक मुलगा-मुलगी स्टेजवर येत होती आणि नाव, शिक्षण, पगार, मामेकुळ, अपेक्षा सांगून खाली उतरत होती. माइकजवळचे काका प्रत्येक मुलीला धीर देत होते, “घाबरू नको बेटा, बोल.” बाहेर वरण-बट्टीच्या पंगती बसल्या होत्या. या एका दिवसासाठी तुमची माणसं किती महिने राबतात ते मी लहानपणापासून बघते आहे. माझं स्वतःचं लग्नही अशाच एका सूचीमुळे जमलं. त्यामुळे हे पत्र रागाने लिहिलेलं नाही.

त्या दिवशी सूचीचं एक पान उघडं ठेवून तीन-चार आया त्याचा मोबाइलवर फोटो काढत होत्या. मुलाच्या नावापुढे छापलं होतं: नोकरी अमेरिका, ग्रीन कार्ड. मी त्यातल्या एका मावशींना विचारलं, “मावशी, ग्रीन कार्ड म्हणजे नेमकं काय हो?” त्या म्हणाल्या, “तिथलंच होऊन जातं नं सगळं. मग पोरीचंही होतं आपोआप.”

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याची परवानगी, नागरिकत्व नव्हे. आपोआप काहीही होत नाही. ही गोष्ट त्यांना सांगायला त्या मंडपात कुणी नव्हतं, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

तुमच्या सूचीत ‘अमेरिका’ या एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळी आयुष्यं छापली जातात. मुलगा एच-वन-बी, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीच्या व्हिसावर असेल, तर लग्नानंतर मुलगी एच-फोर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर जाते. तिला तिथे नोकरी करता येत नाही. २०१५ पासून सवलत आहे, पण ती नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या अर्जातला एक ठरावीक टप्पा मंजूर झालेला असेल तरच. तो टप्पा झाला आहे का, हे बायोडाटात कुणी लिहीत नाही. आणि त्या टप्प्यानंतरही रांग आहेच. नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं देते. बायकामुलंही त्यातच मोजतात, आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के ही मर्यादा आहे. भारतातून गेलेले लोक एवढे आहेत की आजच्या अर्जदाराचा नंबर कधी लागेल हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. इथली एम.टेक. झालेली मुलगी त्या रांगेत घरात बसून राहते.

मुलाकडे ग्रीन कार्ड आहे, पण तो नागरिक नाही, अशी दुसरी गोष्ट. इथेच त्या मावशी फसल्या होत्या. त्याच्या बायकोसाठी वेगळा कोटा आणि वेगळी रांग आहे, आणि तिचा नंबर लागेपर्यंत ती बऱ्याचदा इथेच, सासरी किंवा माहेरी थांबते. यात एक बारकावा आहे, तो कुणीच विचारत नाही. त्याला कार्ड मिळण्याआधी लग्न झालेलं असेल, तर ती त्याच्याच अर्जाच्या आधाराने जाऊ शकते. कार्ड मिळाल्यावर लग्न झालं, तर नव्याने सुरुवात. म्हणजे “कार्ड हातात पडू दे, मग बार उडवू” असं म्हणणारे वडील भलं करायला जातात आणि मुलीची काही वर्षं वाढवून ठेवतात.

तिसरा मुलगा अमेरिकेचा नागरिक झालेला असतो. नागरिकाच्या बायकोला कोट्याची मर्यादा नाही. माझे मिस्टर भुसावळचे, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेले, तिकडे शिकले आणि पुढे तिथले नागरिक झाले. मी पुण्याच्या कंपनीकडून एच-वन-बीवर आधीच तिकडे होते. तरी सूची मात्र आमच्या बाबांनीच चाळली. दोन शहरांत राहणारी आम्ही दोघं लग्नाआधी एकदाच भेटलो, दोन तास, तेही त्यांच्या मावसभावाच्या घरी, सगळ्यांच्या समोर. फोन पाच-सहा झाले असतील. लग्न सावद्याला झालं. लगेच दोघं परत गेलो, आणि पहिले चार महिने तो एका शहरात, मी दुसऱ्या. नोकरी बदलून मी त्यांच्याकडे गेले, तिथून आमचा अर्ज सुरू झाला आणि लग्नानंतर अकराव्या महिन्यात मुलाखतीचं पत्र आलं. दोघांनी एकत्र हजर राहायचं होतं.

ही मुलाखत कशासाठी असते ते मुलीच्या आईवडिलांना कळायला हवं. तिथल्या सरकारला खात्री करायची असते की हे लग्न खरं आहे, फक्त कार्डासाठी केलेलं नाही. खोटं लग्न केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुढे कुणाच्याही आधाराने त्या देशात कायम राहण्याचा रस्ता बंद होतो. “नुसतं कागदावर लग्न लावून देऊ, नंतर बघू” असं मी आपल्याकडेही कानांनी ऐकलं आहे. असं सुचवणाऱ्याला कृपा करून तुमच्या मंडपात खुर्चीसुद्धा देऊ नका.

आमचं लग्न खरं होतं. शे-दोनशे नाही, आठशे माणसं जेवून गेली होती. तरी पत्र आल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण आमच्याकडे दाखवायला कागद थोडे होते आणि एकमेकांबद्दलची माहिती त्याहून थोडी.

आधी कागदांचं सांगते.

माझा जन्मदाखला काढला तर त्यात नावाची जागा कोरी. लिंग: स्त्री, आईचं नाव, वडिलांचं नाव, बस. दवाखान्यातून नोंद गेली, बारशाला नाव ठेवलं, पण ते नोंदीत घालायला कुणी गेलंच नाही. तपासून बघा, आपल्याकडे कितीतरी मुलींच्या दाखल्यांची हीच कथा आहे. नोंद झाल्यापासून पंधरा वर्षांत नाव घालता येतं असा मूळ नियम, माझी ती पंधरा वर्षं केव्हाच उलटली होती. मग शाळा सोडल्याचा दाखला, आणि आई आणि मोठ्या मावशीची प्रतिज्ञापत्रं. आई नोटरीपुढे बसली तेव्हा वकिलांनी विचारलं, “जन्माच्या वेळी तुम्ही हजर होता का?” आई म्हणाली, “मीच तर जन्म दिला, साहेब.” ते म्हणाले, तसंच लिहावं लागतं. मराठी कागद असला की त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि भाषांतर करणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यावं लागतं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे बरोबर आहे.

लग्नाच्या दाखल्याने तर आम्हाला रडवलं. लग्नात सासूबाईंनी तांदळात माझं नवीन नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नोंदणीचा अर्ज एका काकांनी मोठ्या आपुलकीने भरला आणि त्यात तेच नवीन नाव घातलं. पासपोर्टवर ते नाव नाही, शाळेच्या दाखल्यावर नाही, कशावरच नाही. दाखला हातात आला तेव्हा कागदोपत्री माझ्या मिस्टरांचं लग्न दुसऱ्याच कुणा बाईशी लागलेलं. दुरुस्तीसाठी बाबा नोंदणीच्या कार्यालयात सात वेळा गेले. एकदा साहेब मीटिंगला, एकदा रजिस्टर दुसऱ्या कपाटात, एकदा तीनही साक्षीदारांना परत आणा. त्या दिवसांत आमची केळी कापणीला आलेली. बाबा सकाळी घडांची गाडी भरून द्यायचे आणि तसेच मातीच्या चपलांनी त्या बाकावर जाऊन बसायचे. फोनवर मला म्हणायचे, “होतंय, तू काळजी नको करू.” त्यांचा आवाज मला अजून आठवतो.

म्हणून तुम्हाला पहिली विनंती. आपल्या राज्यात लग्नाची नोंदणी १९९८ च्या कायद्याने सक्तीची आहे. त्या कायद्याच्या नावातच ‘विवाह मंडळे’ हा शब्द आहे, म्हणजे तो तुमच्याशी आणि आमच्याशी एकत्रच बोलतो. ९० दिवसांच्या आत, तीन साक्षीदारांसह. सामुदायिक विवाहात तुम्ही पुरोहित, मंडप, भांडी, सगळ्याची सोय करता. त्याच मांडवात नोंदणीचा अर्ज भरून घ्यायची सोय करा. आणि अर्ज नवरीला स्वतःला वाचायला द्या. तिचं नाव पासपोर्टवर किंवा शाळेच्या दाखल्यावर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने लिहा. तांदळातलं नाव तांदळात असू द्या. सासूबाईंच्या हौसेवर माझं काहीच म्हणणं नाही, त्या नावाने त्या मला आजही हाक मारतात आणि मला ते गोड वाटतं.

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे येते, जी मला जास्त सांगायची आहे.

ओळखीच्या एका मुलीने आम्हाला प्रश्नांची यादी पाठवली होती, मुलाखतीत साधारण काय विचारतात त्याची. रोज रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. एकजण प्रश्न विचारणार, दुसरा उत्तर देणार. तुमची पहिली भेट कुठे? लग्नाला कोण कोण होतं? सकाळी आधी कोण उठतं? घरभाडं कुणाच्या खात्यातून जातं? सासू-सासऱ्यांची पूर्ण नावं? भावंडं किती?

‘भावंडं किती’ हा प्रश्न मी अगदी सहज विचारला. उत्तर मला पाठ होतं: एक भाऊ. हे जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “एक बहीण होती. चार वर्षांची असताना तापात गेली. क्वार्टरमध्ये असताना. मी सात वर्षांचा होतो.”

अकरा महिने झाले होते लग्नाला. भुसावळच्या घरात देवघराच्या खालच्या फळीवर एक छोटी चांदीची तोडी ठेवलेली असते, ती मी दोनदा पुसली होती. कुणाची, हे विचारलं नव्हतं. स्थळ आलं तेव्हा त्यांच्या घराबद्दल आम्हाला शेती किती, प्लॉट किती, पॅकेज किती, मामेकुळ कुठलं, एवढं सगळं सांगितलं गेलं होतं. बाबांनी चार माणसं पाठवून चौकशीही केली होती. या बहिणीबद्दल कुणी बोललं नाही, कारण लग्नाच्या व्यवहारात तिचा काही संबंध नव्हता.

माझ्या बाजूनेही तेच. त्यांना माहीत नव्हतं की माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी बाबांनी नदीकडचा तुकडा विकला होता. मी दर महिन्याला माहेरी पैसे पाठवायचे त्यावरून आमची एकदा चांगली वादावादी झाली होती. त्या रात्री त्यांनी विचारलं, “हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. सांगायची सवयच नव्हती. मुलगी बघायला येतात तेव्हा माहेरची अडचण बोलायची नाही, हे आम्हाला न सांगता शिकवलेलं असतं.

त्या पंधरा-वीस रात्रींत आमची खरी सोयरीक झाली, असं मी आज मनापासून म्हणते.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी आठची वेळ होती. विमानतळासारखी तपासणी, मग मोठ्या खोलीत खुर्च्या. तिथे किती देशांची जोडपी! एक आजोबा-आजी हातात हात घेऊन बसले होते. माझ्या मांडीवर जाड फाईल होती: पासपोर्ट, मूळ दाखले आणि त्यांची भाषांतरं, दोघांच्या नावाचा घराचा भाडेकरार, एकत्र बँक खात्याचे कागद, एकत्र भरलेला आयकर, आरोग्य विमा, विजेची बिलं, आणि मधल्या चार महिन्यांतली विमानाची तिकिटं. फोटोंचा वेगळा गठ्ठा. लग्नपत्रिकाही नेली होती, ‘चि. सौ. कां.’ सकट, भाषांतर करून.

नाव पुकारलं. अधिकारी पन्नाशीच्या बाई होत्या. बसायच्या आधीच उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ घ्यायला लावली. मग अर्जातले प्रश्न एकेक करून परत विचारले, कधी अटक झाली का, कधी खोटी माहिती दिली का, असे. त्यानंतर लग्नाकडे वळल्या. सिनेमात दाखवतात तसं आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत नेलं नाही, ते संशय आला तर करतात. एकाच टेबलाशी, पण उत्तर कुणी द्यायचं ते त्या ठरवत होत्या. “तिला बोलू द्या,” असं त्यांनी मिस्टरांना दोनदा सांगितलं. ते मला बरं वाटलं.

चार महिने वेगळे का राहिलात, हे त्यांनी खोदून विचारलं. मी तिकिटं पुढे केली. मग फोटो चाळता चाळता एका फोटोवर थांबल्या. फेटा बांधलेला एक माणूस माझ्या मागे उभा, डोळे पुसतो आहे. मिस्टरांना विचारलं, हे कोण? ते म्हणाले, “तिचे मोठे मामा. आमच्याकडे लग्नात मामा मुलीच्या मागे उभे राहतात. हिच्या आजोबांनंतर यांनीच सगळं बघितलं.” हे शेवटचं वाक्य त्यांना टेबलावरच्या रात्रींत कळलेलं होतं. बाईंनी मान हलवली आणि तो फोटो परत न देता फाईलमध्ये ठेवला.

काल रात्री काय जेवलात, असंही विचारलं. दोघं एकदमच म्हणालो, खिचडी.  तेवढ्यावर त्या हसल्या. पंचवीस-तीस मिनिटांत संपलं. उत्तर तिथे दिलं नाही, टपालाने कळेल म्हणाल्या. तीन आठवड्यांनी कार्ड आलं.

मी माहेरी फोन केला तेव्हा आजी ओट्यावर बसली होती. तिने विचारलं, “तुले काय काय इचारलं व माय त्यानं?” मी सांगत गेले. ती सगळं ऐकून म्हणाली, हे तर तुला आधीच माहीत पाहिजे होतं, पोरी.

ते कार्ड दोन वर्षांचंच होतं. मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर अटींचं कार्ड मिळतं, असा नियम १९८६ च्या कायद्याने आला. मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून अर्ज करून ती अट काढायची. मुलीच्या आईवडिलांनी यातला पुढचा भाग नीट वाचावा. नवरा मारहाण करत असेल किंवा घटस्फोट झाला असेल, तर लग्न खरं होतं हे दाखवून मुलगी एकटी अर्ज करू शकते. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवरा छळत असेल तर त्याच्या सहीशिवाय, त्याला न कळवता स्वतःचा अर्ज करण्याची सोय १९९४ च्या कायद्याने दिली आहे. “माझ्या सहीशिवाय तू इथे राहू शकत नाहीस” ही धमकी ऐकून गप्प बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आपल्याच भागातल्या. त्यांच्या आईला इथे वाटतं, पोरगी सुखात आहे, फोटो टाकते.

आणि अर्जाच्या वेळी नवरा बायकोच्या निर्वाहाची लेखी हमी देतो. ती हमी घटस्फोटाने संपत नाही. बायको तिथली नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत चालते. मुलीकडे त्या हमीपत्राची प्रत असायला हवी. लग्नात आपण दागिन्यांची यादी दोन प्रतींत करतो, तसंच हे.

इथे टाकून दिलेल्या मुलींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून अनिवासी भारतीयांच्या लग्नांचा वेगळा कक्ष आहे. सूचीच्या मागच्या पानावर, जिथे तुम्ही देणगीदारांची नावं छापता, तिथे एवढी एक ओळ छापली तरी कुणाला तरी उपयोग होईल.

माझं मागणं मोठं नाही. परदेशातल्या स्थळांसाठी फॉर्ममध्ये तीन रकाने वाढवा: व्हिसा कोणता, तिथे राहण्याचा दर्जा काय आणि कधीपासून, बायकोला नोकरी करता येईल का. उत्तर न देणाऱ्याच्या नावापुढे ‘माहिती दिली नाही’ असं छापा. मेळाव्यात नोंदणीच्या बाजूला एक टेबल ठेवा, तिथे या सगळ्यातून गेलेली एखादी मुलगी किंवा मुलगा बसवा. आणि स्टेजवरून उतरल्यावर ज्यांना एकमेकांशी बोलायचं आहे त्यांना बोलू द्या, मोठ्या माणसांशिवाय, घड्याळ न लावता. बाजूच्या शाळेच्या वर्गखोल्या रविवारी रिकाम्याच असतात.

मावसबहिणीने मेळाव्यातून आल्यावर सूचीच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने प्रश्न लिहायला घेतले आहेत. आतापर्यंत चौदा झालेत. पहिला आहे, तुमच्या घरात कुणाबद्दल बोलायचं टाळतात का?

मी येत्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत इथे आहे. पुढचा मेळावा त्याच्या आत असेल आणि तुम्ही ते टेबल मांडणार असाल, तर त्याच्यामागे बसायला मी येते. फाईल माझ्याकडेच आहे, तीही घेऊन येते.

आपली,
यावलकडची एक लेक